सगळ्या वस्तूंचं नाव शेषेराव

मी लाईनमन होतो. माझ्या नावानं कधी ओरडला नाही असा माणूस चाकूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. लाईट गेली की शेषेराव, फ्यूज उडाला की शेषेराव, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर माकड चढलं तरी शेषेराव. लोकांनी मला न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठवून नेलंय, लग्नाच्या पंगतीतून भरल्या ताटावरून नेलंय. "ओ शेषेराव, गिरणी बंद पडून राहिली ना!" असं कुणी ओरडलं की मी कपाळावर आठ्या घालायचो. पण खरं सांगू, मला ते आवडायचं. आपल्या नावावाचून गावाचं अडतं, हे कुणाला आवडत नाही?

साऱ्या तालुक्यात फक्त एका माणसानं मला कधी नावानं हाक मारली नाही. ती म्हणजे माझी बायको, पंचफुला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? जुनी कोणती बाई नवऱ्याचं नाव घेते? खरं आहे. पण पंचफुलाचं प्रकरण जरा जास्तच कडक होतं. बाकीच्या बाया मतदानाच्या खोलीत नाहीतर दवाखान्यात कुणी विचारलंच तर लाजत का होईना, सांगून मोकळ्या व्हायच्या. ही शेजारच्या हाजराबीला सोबत न्यायची आणि कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं की तिला कोपरानं ढोसायची. हाजराबी स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेत नसे, पण माझं खणखणीत घ्यायची. नागपंचमीला गल्लीतल्या पोरींना गोष्ट सांगताना शेषनाग यायची वेळ झाली की पंचफुला म्हणायची, "मंग त्येंच्या नावाचा नागोबा वर आला." आमची दीपाली बरीच मोठी होईपर्यंत असंच समजत होती की त्या नागाचं आणि आमचं काहीतरी नातं आहे.

मला बोलवायच्या तिच्या तऱ्हा वेगळ्याच होत्या. साधी म्हणजे "आवं". लांबवलेलं "आवं" असलं की जेवण तयार, तोडलेलं असलं की माझं काहीतरी चुकलेलं. माहेरचे पाहुणे आले असले तर तेवढंही नाही, नुसत्या बांगड्या वाजायच्या. मी अंगणात चार माणसांत बसलेलो असलो तर आतून दाराची कडी वाजायची. कधी कधी मी हाताच्या अंतरावर उभा असायचो आणि ती दीपालीला सांगायची, "तुज्या पप्पाला म्हणावं, च्या झालाय." मग दीपाली मला सांगायची, "पप्पा, च्या झालाय." आणि मी दीपालीला म्हणायचो, "आईला म्हणावं, आण."

एकदा आमच्याच गल्लीतल्या खांबावर मी चढलो होतो. लाईन बंद करून घेतली होती, पण कुणाचा तरी घोटाळा झाला आणि वीज सोडली गेली. पंचफुलानं समोरच्या घरात बल्ब पेटलेला पाहिला आणि ती भाकरी तव्यावर टाकून पळत आली. दुसरी कुणी असती तर नावानं बोंबलली असती. हिनं "आवं!" केलं, तर गल्लीतल्या सगळ्या पुरुषांनी वळून पाहिलं, मी सोडून. मग तिनं "ओ लाईनमन!" अशी आरोळी ठोकली आणि पायातली चप्पल काढून मला मारली. ती बरोबर पाठीत बसली. मी तारेकडे नेलेला हात मागे घेतला म्हणून आज हे सांगतोय.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, "म्या मेलो असतो तरी नाव घेतलं नसतंस व्हय?"

"मेलाव का? चप्पल कशाला हाय मंग?" ती म्हणाली आणि जळालेली भाकरी बघायला आत गेली.

तिच्या तोंडून माझं नाव मी एकदाच ऐकलं होतं, लग्नाच्या दिवशी. लोह्याहून वरात आली, घराच्या उंबऱ्यावर माझ्या बहिणींनी वाट अडवली आणि उखाणा घेतल्याशिवाय सोडेनात. पंचफुला खाली मान घालून उभी होती. मग एका दमात म्हणाली,

"काळ्या रानात तुरीला आला पिवळा बहर,
शेषेरावांचं नाव घेते, सोडून आले माहेर."

माझं नाव लोक ओरडतात तसं ते नव्हतं. हळू, जपून, पदराच्या गाठीतून काहीतरी सोडून द्यावं तसं होतं. ते मला पुन्हा ऐकायचं होतं. नोकरीत होतो तोवर दिवस गेले, पण निवृत्त झाल्यावर मी तिच्या मागेच लागलो. संध्याकाळी दारात बसलो की म्हणायचो, "आता कोण ऐकून राहिलंय? एक डाव म्हण की."

"नाव कशाला पायजे?" ती तुरीच्या शेंगा सोलत म्हणायची. "हाय की समोर."

गेल्या उन्हाळ्यात सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीत पडला तो पडलाच. तोंड वाकडं झालं. हाजराबीच्या पोराच्या गाडीतून तिला लातूरला नेलं. लकवा होता. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून डाव्या बाजूचा एक काळसर डाग दाखवला. रक्त पोचलं नाही म्हणून तेवढी जागा गेली होती. "बोलणं इथून चालतं," ते म्हणाले. "त्यांना बरंचसं समजतंय. शब्दही आत असतील. पण ते बाहेर आणायची वाट तुटलीय."

"म्हंजे डीपी शाबूत हाय, तार तुटली," मी म्हणालो.

"तसंच काहीसं," डॉक्टर म्हणाले.

पहिले काही दिवस ती नुसती छताकडे बघत पडून होती. मग एका सकाळी सिस्टर सलाईन बदलत असताना तिनं डावा हात उचलला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "शेषेराव."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो सांडला.

"बोलल्या की!" सिस्टर खूष झाली. "शेषेराव कोण? मुलगा का? बोलवा त्याला, बघू ओळखतात का."

"म्याच," मी म्हणालो.

"तुम्ही तर मालक ना त्यांचे?" तिनं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. तिला काही ते पटलं नाही.

तेवढ्यात माझा मेहुणा रामकिशन लोह्याहून आला. बहीण बोलतेय म्हणून हसत खाटेजवळ गेला, तिनं त्याच्याकडे बघून पुन्हा "शेषेराव" म्हटलं आणि त्याचा चेहराच उतरला. मला बाहेर घेऊन गेला. "दाजी, हे लई वाईट झालं," तो म्हणाला. "हात-पाय जाऊ द्या, पण अक्का तुमचं नाव घेऊन राहिली. म्हंजे डोस्कंच गेलं की हो." मेंदूतल्या डागाचं मी फोनवर सांगितलं होतं, तरी त्याचा विश्वास बसला नव्हता. आता बसला. त्यानं लोह्याला फोन लावला, आणि दुपारच्या गाडीनं तिच्या माहेरची माणसं शेवटचं तोंड बघायला आल्यासारखी वॉर्डाबाहेर येऊन बसली. त्यांना परत पाठवता पाठवता माझा जीव मेटाकुटीला आला.

चाकूरला घरी आणल्यावर हळूहळू लक्षात आलं की तिच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी पाहिजे, शेषेराव. उशी सरळ करा, शेषेराव. खिडकीतून मांजर आलं, तर त्यालाही जरा रागानं शेषेराव. तिच्या मनात वेगळंच असायचं आणि जीभ तेवढंच काढायची. आधी आधी ती स्वतःच दचकायची, तोंडावर हात न्यायची. मग दमली आणि जे निघेल ते निघू देऊ लागली.

गल्लीत तर गंमतच झाली. तिचा आवाज ऐकला की लोकांना वाटायचं ती मलाच बोलावतेय. मी दुकानात असलो तरी कुणीतरी पळत यायचं. हाजराबी तर कमरेवर हात ठेवून उभी राहायची, "ओ भाऊ, भाभी कवाधरनं आवाज देऊन राहिली, तुमी हितं गप्पा काय हाणून राहिले?" मी पिशवी तिथंच टाकून धावत घरी जायचो. तिला फक्त पंखा कमी करून हवा असायचा.

आता एक सांगतो. मला आनंद होत होता. बायकोचं अर्धं अंग पडलेलं, घास भरवावा लागतोय, आणि हा म्हातारा आतून खूष. पण होतो, त्याला काय करू? सकाळी डोळे उघडताच माझं नाव, झोपताना माझं नाव. तिला तो शब्द कशासाठी लागतोय हे मला ठाऊक होतं. तरी ऐकताना वाटायचं की उंबऱ्यावरची ती पोरगी इतक्या वर्षांनी परत आली आहे. भेटायला येणाऱ्यांना मी मुद्दाम थोडं थांबवून घ्यायचो, तिनं त्यांच्यासमोर हाक मारावी म्हणून.

असेच एके दुपारी माझ्या जुन्या ऑफिसातले दोघं आले होते. आम्ही खांबांच्या, वादळांच्या, मोडलेल्या शिड्यांच्या गोष्टी काढून हसत बसलो. पंचफुला म्हणाली, "शेषेराव."

"बगा," मी त्यांना म्हणालो, "घडीभर सोडीत न्हाई."

ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. मी तिचा डावा हात हातात घेतला. "हाय की समोर," मी म्हणालो. पाहुणे हसले. तिनं माझा हात झटकला आणि सारखं तेच, शेषेराव, शेषेराव, रडकुंडीला येऊन. मला वाटलं पाहुणे फार वेळ बसले म्हणून चिडली. त्यांना वाटेला लावून आलो आणि चादर नीट करायला गेलो, तर सकाळचा सांडलेला शिरा चादरीच्या घडीत, आणि लाल मुंग्या डाव्या पायभर. ज्या पायाचं तिला सगळं कळत होतं, त्याच पायावर. ती तासभर तिच्याजवळ होता तेवढा एकच शब्द वापरून मला ते सांगत होती आणि मी तिचा हात कुरवाळत होतो.

पाय धुतला, खोबरेल लावलं. ती रागावली नव्हती, नुसती दमलेली होती. मी बाहेर येऊन नांदेडला दीपालीला फोन केला. "बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईचं म्हणत व्हतीस ना, तिचा नंबर काढ," म्हणालो. "आमी येऊन राहिलो."

ती बाई म्हणजे जेबा नावाची मुलगी होती, आमच्या दीपालीपेक्षाही लहान. लकवा मारलेल्या माणसांना बोलणं परत शिकवायचं हे तिचं काम. दीपालीच्या घरापासून तिची खोली जवळच होती, मी पंचफुलाला चाकाच्या खुर्चीवरून न्यायचो. पहिल्या दिवशी जेबानं टेबलावर वस्तू मांडल्या आणि एकेक उचलून विचारायला लागली.

"काकू, हे काय आहे?" कंगवा होता.

"शेषेराव."

"आणि हे?" किल्ली.

"शेषेराव."

पेला, साबण, रुमाल, सगळ्यांचं नाव शेषेराव. मग जेबानं माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण आहेत?"

पंचफुलानं माझ्याकडे पाहिलं. तिचा डावा हात उठला, चाचपडत पदरापर्यंत गेला आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मान खाली गेली. तोंडाची जी बाजू हलत होती, त्या बाजूनं ती हसली. पण बोलली नाही. जेबानं पुन्हा विचारलं, तिनं मान आणखी खाली घातली.

"यांना तुमचं नाव येत नाहीये," जेबा हळूच मला म्हणाली.

"तसं न्हाई, बाई," मी म्हणालो. "तिला येतंय. ती घेत न्हाई."

जेबानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझी अम्मी पण अब्बांचं नाव घेत नाही." तिला खरंच आनंद झाला होता. बाकी ठिकाणी शब्द आपोआप निसटतो, पण माझ्यापाशी पंचफुला तो अडवू शकते, म्हणजे आत बरंच काही जागं आहे, असं ती म्हणाली. जगातल्या सगळ्या वस्तूंना माझं नाव, फक्त मला सोडून! मला हसावं की रडावं कळेना.

निघताना जेबानं मला बाजूला घेतलं. "काका, हा एकच शब्द पुढे पुढे करतो, म्हणून बाकीच्यांना जागा मिळत नाही. काकूंनी हा शब्द म्हटला, तर तुम्ही ओ देऊ नका. उठू नका, वस्तू देऊ नका. दुसरा शब्द निघायचा प्रयत्न झाला की लगेच द्या."

"आन मंग हा शब्द?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"ह्यो जाईल का?"

"जायला पाहिजे, काका," ती म्हणाली. "तो गेला तर बाकीचे येतील."

त्या पोरीला काय सांगणार? मी मान हलवली आणि खुर्ची ढकलत घरी आलो.

जेबानं पद्धत दाखवून दिली होती. पंचफुलाच्या डाव्या हातावर थोपटत शब्द सुरात लांबवून म्हणायचा, भाजीवाला ओरडतो तसा. पाऽऽ णी. बोलण्याची जागा गेली तरी सुराची जागा दुसऱ्या बाजूला शिल्लक असते म्हणे. सकाळ-संध्याकाळ मी दीपालीच्या हॉलमध्ये तिच्यासमोर पेला घेऊन बसायचो. ती पेल्याकडे बघून म्हणायची, "शेषेराव." मी भिंतीकडे बघायचो. "शेषेराव." मी कॅलेंडर वाचायचो. मग थोपटायचो, पाऽऽ णी. तिचे ओठ जुळायचे, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी पुन्हा तेच. एकदा ती ओक्साबोक्शी रडली. मी पेला तसाच धरून बसलो, दिला नाही. मग दिला, आणि गॅलरीत जाऊन मीही रडलो.

दीपाली मागे आली. "पप्पा, तुमी कामून रडून राहिले? शिकेल की ती."

"आयुष्यात पहिल्यांदा घरात कुणी मला नावानं हाक मारून राहिलं," मी म्हणालो, "आन म्या बहिरा होऊन बसलो." दीपालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही खाली रस्त्यावरचे ऑटो बघत उभे राहिलो.

गणपती बसले त्या सुमाराला एके सकाळी मी थोपटायच्या आधीच ती म्हणाली, "पा... नी." मी उठून इतक्या घाईनं पाणी आणलं की अर्धं तिच्या अंगावर सांडलं. तिनं ते पिऊन पुन्हा म्हटलं, मी पुन्हा आणलं. त्या दिवशी ती बहुतेक घागरभर पाणी प्यायली असेल, कारण शब्द निघाला की मी पेला घेऊन हजर. शेवटी तिनं पेला ढकलून दिला आणि दुसरा शब्द उच्चारला, "न्हाई." हा शब्द तिला फार आवडला. गोळीला न्हाई, मुगाच्या खिचडीला न्हाई, मी फार लाडात आलो की मलाही न्हाई.

मग एकेक येत गेले. च्या. दुखतंय. दीपे. बस. प्रत्येक शब्द आला की घरात पेढे वाटायचेच बाकी असायचे. आणि प्रत्येक शब्द आला की माझं नाव एका वस्तूवरून उठायचं. पेल्यावरून गेलं, उशीवरून गेलं, खिडकीवरून गेलं. दिवसा नाहीसं झालं, मग फक्त दमली की यायचं, मग फक्त अर्धवट झोपेत. दुपारी तिची झोप संपायची वेळ झाली की मी सगळी कामं सोडून तिच्या उशाशी जाऊन बसायचो. जागं होताना एखाद्या वेळी म्हणेल म्हणून.

एके दुपारी असाच बसलो होतो. तिनं डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं, मी दिसलो. "आवं," ती म्हणाली. "पंखा."

मी पंखा लावला. आम्हा दोघांचं अर्धं आयुष्य त्या "आवं"वर गेलेलं, तेही परत आलं होतं. आनंद तर झालाच, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर माझं नाव तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. जेबाला सांगितलं तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली आणि मीही तिच्याबरोबर हसलो.

दिवाळीच्या आधी आम्ही एसटीनं चाकूरला परत निघालो. पंचफुला खिडकीशी बसली होती. गाडी तिच्या माहेरच्या स्टँडवर थांबली तेव्हा तिनं माझी बाही ओढली आणि बाहेर बोट करून म्हणाली, "लोहा." पाठोपाठ, जरा अडखळत, "माजं." पुढे अहमदपूर येईपर्यंत ती मागे वळून वळून बघत होती.

संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाचा हट्टच धरला. काठी टेकत घरात फिरू लागली होती, वाक्य दोन-तीन शब्दांच्या पुढे जात नव्हतं, पण हट्ट करायला तेवढं पुरतं. दीपाली नांदेडहून आली, तिळाच्या वड्या झाल्या, गल्लीतल्या बाया जमल्या. हाजराबी नेहमीसारखी तिळगूळ खायला पहिली हजर. पुरुषांचं तिथं काम नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारामागे खुर्ची टाकून बसलो. फटीतून तेवढं दिसत होतं.

बायांचे उखाणे सुरू झाले. फिरत फिरत पाळी पंचफुलापाशी आली तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. "राहू द्या गं," हाजराबी म्हणाली, "भाभीला कामून तरास?"

पंचफुलानं डावा हात वर केला. थांबा, अशा अर्थानं. मांडीवर हळूहळू ताल धरला, जेबानं शिकवला होता तसा, आणि म्हणाली,

"काळ्या रानात तुरीला आला पिवळा बहर..."

अख्खी ओळ, कुठेही न अडखळता. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. लग्नातला तोच उखाणा, तोच सूर. आता दुसऱ्या ओळीच्या तोंडालाच माझं नाव होतं.

ती थांबली. तिचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. कंगव्याला, किल्लीला, मांजराला वाटून टाकलेला तो शब्द ती शोधत होती आणि तो तिथं नव्हता. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. हाजराबीनं तोंड उघडलं, मतदानाच्या खोलीत उघडायची तसं, तिच्या वतीनं सांगायला.

मला काय झालं कळलं नाही. दारामागून मीच ओरडलो, "शेषेराव!"

गावानं इतकी वर्षं मारलेली हाक मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं मारली. बाया खो-खो हसत सुटल्या. "आगं बाई, मालकच आडून उभे हायत!" पंचफुलानं दाराकडे पाहिलं. डावा हात पदराकडे गेला, पदर डोक्यावर आला. डोळे पुसून तिनं पुन्हा मांडीवर ताल धरला.

"त्येंचं नाव घेते," ती म्हणाली, "सोडून आले माहेर."

बाया गेल्या. दीपाली हाजराबीला वड्यांचा डबा द्यायला बाहेर गेली. मी पंचफुलाच्या शेजारी जाऊन बसलो. मला राहवेना.

"खरं सांग," मी म्हणालो, "नाव सापडलं न्हाई, का घेतलं न्हाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ शब्द गोळा करत राहिली. मी मध्ये बोललो नाही, जेबानं सांगितलं होतं तसा थांबून राहिलो.

"हाय..." ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हाय की... समोर."